बिडी साहेबांची, वास माझ्या शर्टाला

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्ख्या सांगली जिल्ह्यात माझ्याइतका निर्व्यसनी माणूस शोधून दाखवा, मी तुम्हाला सहकुटुंब पुरणपोळी जेवायला घालीन! बिडी नाही, सिगारेट नाही, तंबाखू नाही, मावा नाही. चहासुद्धा मी अर्धा कप घेतो. लहानपणी टोकाला लाल रंग लावलेल्या गोळीच्या सिगारेटी मिळायच्या ना, त्यासुद्धा मी कधी ऐटीत ओठात धरल्या नाहीत. सरळ चावून खाल्ल्या.

आणि तरीही संध्याकाळी मी घरी आलो की आमची म्हैस मान फिरवते!

कारण माझं ऑफिस. मी एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसात क्लार्क आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, गावाचंही सांगत नाही, मला अजून नोकरी करायचीय. गट ऑफिस म्हणजे काय, तर आसपासच्या आठ-दहा गावांतल्या उसाच्या नोंदी ठेवायच्या, आणि कुणाच्या रानात तोडणीची टोळी कधी पाठवायची ते ठरवायचं. बसायची खोली एकच, बारा बाय चौदा. खिडकीही एकच, आणि तिच्यापुढं फायलींचं कपाट. ते कपाट हलवायचं तर हेड ऑफिसला अर्ज करावा लागतो, आणि अर्जांची फाईल नेमकी त्याच कपाटात!

माणसं चार. गट अधिकारी हरिबा थोरात साहेब, मूळचे पाटणचे, दिवसाला दोन बंडलं बिडी. फिल्डमन गुंडा, याला बिडी चालत नाही, सिगारेट लागते, साहेबापेक्षा मोठा माणूस! चहापाणी आणि झाडलोट बघणाऱ्या सुलाबाई, त्या बिचाऱ्या मागच्या चहाच्या खोलीत असतात. आणि चौथा मी, वर्धमान मगदूम. स्वतः काही न पेटवता दोघांचं मिळून सगळं मीच ओढतो!

साहेबांना मी एकदा नम्रपणे सांगून पाहिलं.

"साहेब, बिडी जरा बाहेर जाऊन ओढली तर?"

"भाईर?" साहेब खुर्चीत दचकले. "आरं, भाईर पाय टाकला की शेतकरी धरत्यात मला! 'सायेब, तोड कवा? सायेब, उसाला तुरं आलं, तोड कवा?' बिडी इझून जाती, पर त्येंचं इचारणं संपत न्हाई. हितं आत हाय म्हणून निदान कडी तरी लावता येती."

"पण साहेब, धूर..."

"धूर वर जातोय की! तू खाली बस."

मी आणखी किती खाली बसणार? मग मी स्वतःच्या हातानं बोर्ड रंगवला, 'येथे धूम्रपान करू नये.' गुंडानं तो मन लावून वाचला, "अक्षर लय झकास हाय गड्या!" म्हणाला, आणि बरोब्बर त्या बोर्डाखाली उभा राहून त्यानं सिगारेट शिलगावली. का? तर तिथं पंख्याचं वारं लागत नाही, काडी विझत नाही!

हे सगळं मी आणखी वीस वर्षं सोसलं असतं. पण आता प्रश्न लग्नाचा होता!

मला बत्तिसावं सरत आलेलं. आधीची तीन स्थळं मोडलेली. माझ्या माहितीपत्रात जाड अक्षरात 'निर्व्यसनी' छापलंय, आणि मी मात्र जाईन तिथं बिडीचा दरवळ घेऊन जातो. आंघोळ केली तरी केसातून जात नाही, अत्तर लावलं तर अत्तर लावलेली बिडी वाटते! तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या आत्यानं पोह्यांची बशी माझ्यापुढं केली, नाक वर केलं आणि बशी तशीच मागं नेली. मला पोहे फार आवडतात हो!

चौथं स्थळ मिरजेचं. मुलगी दीपाली. तिथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर आहे. बघण्याच्या दिवशी आम्हाला गच्चीवर सात मिनिटं बोलायला दिली. त्यातली पाच मिनिटं मी टाकीकडं बघण्यात घालवली. मग तीच सरळ म्हणाली, "मी दिवसभर छातीचे फोटो काढते. बिडी-सिगारेटवाला नवरा मला चालणार नाही. तेवढंच आमचे मामा बघून घेतील. बाकी तुम्ही मला आवडलात."

बाकी तुम्ही मला आवडलात! बत्तीस वर्षांत हे वाक्य मला माझ्या आईनंसुद्धा ऐकवलेलं नाही. जिना उतरताना मी दोन पायऱ्या चुकलो.

"होकार मामांच्या हातात आहे," घरी आल्यावर आई म्हणाली. "बाबगोंडा मामा. सगळ्या भाच्यांच्या स्थळांची चौकशी तेच करतात. आतापर्यंत अकरा मुलं नापास केलीत म्हणे त्यांनी! मिरजेच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग आहे. सोमवारी तुझ्या ऑफिसात येऊन, बसून, साहेबांना विचारून जाणार आहेत."

माझ्या डोळ्यांपुढं धोतर, पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा असे मामा उभे राहिले. आणि त्यांच्यापुढं आमचं ऑफिस! दार उघडल्यावर आत कोण कोण बसलंय हे कळायला पाच मिनिटं लागतात, इतका धूर. तिथं बसून मी निर्व्यसनी आहे हे मामांना पटणार कसं?

पण मीही काही कमी नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढला आणि तंबाखू नियंत्रणवाल्यांकडं तक्रार ठोकून दिली! 'कार्यालयात राजरोस धूम्रपान चालते, न ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीची वाट लागली आहे, त्वरित पाहणी व्हावी.' नाव लिहिल्याशिवाय तक्रार पुढं सरकेना, म्हणून लिहिलं. पण खाली 'नाव गुप्त ठेवावे' अशी चौकट होती, तिच्यात ठसठशीत खूण केली. म्हटलं, डोकं असावं तर असं! पथकाच्या धाकानं ऑफिस सोमवारपर्यंत लखलखीत होणार, आणि कुणाला माझा संशयही येणार नाही!

दुपारी चारला मी सहज बोलल्यासारखं बोललो, "साहेब, कानावर आलंय, तंबाखू नियंत्रणाचं पथक आपल्या भागात फिरतंय म्हणे. न सांगता येतात आणि ओढणाऱ्याची पावती फाडतात."

साहेबांच्या तोंडातली बिडी खाली पडली. ती त्यांनी पायानं विझवली, मग थोटूक उचलून खिशात घातलं, मग खिशातून काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

"आरं, तीन म्हैन्यांवर रिटायरमेंट आली माझी! छत्तीस वर्सांत येक मेमो न्हाई! निरोपाच्या टायमाला चेअरमनसायेब पावती वाचून दावतील की! गुंडा, आजपास्नं वढणं बंद! समद्यांचं!"

आणि गुरुवारी खरोखर चमत्कार झाला. आमच्या ऑफिसात फिनेलचा वास येतो हे मला नऊ वर्षांनी कळलं! समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोराचं चित्र आहे हेही कळलं. मी आपला दीर्घ श्वास घेत बसलो होतो.

बाकीच्यांचे मात्र हाल बघवेनात. साहेबांनी दोनदा पेन्सिल ओठात धरून काडी ओढली. गुंडा खडू चघळत होता. त्यानं एका शेतकऱ्याला तोडीची तारीख दिली ती जुलैतली, आणि जुलैत कारखाना बंद असतो! तो शेतकरी "बरं" म्हणून गेलासुद्धा, कारण गुंडाच्या डोळ्यांकडं बघून त्याची पुढं बोलायची छाती झाली नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला जवळ बोलावलं.

"वर्धमान, समज पथक आलं आन् कायतरी घावलं. कोपऱ्यात थोटकं हायत, भिंतीला वास हाय. कुणाचं तरी नाव द्यायाच लागंल. माझी रिटायरमेंट. गुंडा अजून परमनंट व्हायचाय. तुझं काय बिघडतंय? दंड दोनशे रुपये, त्यो मी भरतो. तू फकस्त 'व्हय, मीच वढतो' म्हण."

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस नाही का म्हणाला नाही? अहो, पथक बोलावलं कुणी? मीच! आणि नऊ वर्षांपूर्वी मला या नोकरीला कुणी लावलं? याच माणसानं! माझी मलाच लाज वाटली. शिवाय मामा येणार सोमवारी. पथक त्याआधी येऊन गेलं म्हणजे सुंठीवाचून खोकला जाणार होता.

"साहेब, मी आहे ना!" मी छाती काढून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसच्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. शर्ट पँटीत खोचलेला, सोनेरी काडीचा चष्मा, खिशाला दोन पेनं, बगलेत रेक्झिनची बॅग. आमच्या ऑफिसात येणारा माणूस उंबरा ओलांडायच्या आधी 'तोड कवा?' विचारतो. पाहुणा आला, पोस्टमन आला, तरी तेच विचारतो, कारण त्याचाही कुठंतरी ऊस असतोच! या माणसानं विचारलंच नाही. त्यानं दारात उभं राहून तीनदा हवा हुंगली आणि बॅगेतून डायरी काढली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी गुंडाकडं बघितलं. आलं! पथक आलं!

"या सायेब, बसा, बसा!" साहेबांनी स्वतःची खुर्ची रुमालानं पुसली. "सुलाबाई, च्या ठेवा!"

इथं आमची एक चूक झाली. ओढणं बंद, असा हुकूम साहेबांनी काढला होता, पण सुलाबाई काही ओढत नाहीत. त्या मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू, बारीक करून दाताला घासायची. त्यांची डबी नेमकी संपली होती, चहाची शेगडी पेटलेली होती, आणि तवा त्यांनी घरून आणला होता. तंबाखू भाजल्याचा धूर तुम्ही कधी घेतलाय का? साहेबांची आठवड्याची बंडलं एकदम पेटवली तरी एवढा धूर होणार नाही! मागच्या दाराच्या पडद्याखालून तो आला आणि खोलीत पसरला. गृहस्थ आधी शिंकले, मग खोकले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"सुलाबाई!" गुंडा ओरडला.

"आवं, बिड्या वढू नगा म्हनला व्हता! मिसरीचं कोन काय बोललं?" आतून आवाज आला.

पण ते ऐकायला गृहस्थ होते कुठं? ते खोकत होते. खोकला थांबल्यावर त्यांनी डायरी उघडली आणि कडक आवाजात विचारलं, "हा तंबाखूचा धूर आहे. या ऑफिसात ओढतं कोण?"

साहेब जमिनीकडं बघायला लागले. गुंडा मोराकडं बघायला लागला. मी उभा राहिलो.

"मी!"

"आपलं नाव?"

"वर्धमान मगदूम."

त्यांचं पेन थांबलं. "वर्धमान मगदूम तुम्हीच?"

"मीच!"

"किती वर्षं ओढता?"

"नऊ वर्षं." यात खोटं काय होतं सांगा! नऊ वर्षं ओढतच होतो, फक्त साहेबांच्या.

"दिवसाला किती?"

"दोन बंडलं."

"आन् शिगरेटी?" गुंडा मागून कुजबुजला. त्याचीही थोटकं माझ्याच नावावर जायला हवी होती ना!

"आणि दहा-बारा सिगारेटी," मी म्हणालो.

गृहस्थांनी कपाळावरचा घाम पुसला. "घरी माहीत आहे?"

"आईला सगळं माहीत आहे. तीच आणून देते!"

आता इतकं सांगायची काही गरज नव्हती. पण मी एकदा कबुलीजबाब द्यायला लागलो की हात राखून देत नाही.

"तुम्ही लग्नाचे दिसता," गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "लग्न झाल्यावर तरी सोडाल?"

मला वाटलं, वा, सरकार आता पावतीबरोबर समजूतही घालतं! पण सोडीन म्हटलं तर हा माणूस तासभर बसून समजूत घालणार, आणि तेवढ्यात गुंडाचा धीर सुटून तो सिगारेट पेटवणार. म्हटलं, विषयच संपवून टाकू.

"साहेब, बायको सोडीन, पण बिडी सोडणार नाही!"

गुंडानं टाळी वाजवली. साहेबांनी खूश होऊन दोनशेची नोट काढली आणि गृहस्थांच्या डायरीवर ठेवली.

"सायेब, पोरगं चुकलं. ह्ये घ्या, आन् मिटवून टाका."

गृहस्थ ताडकन उठले. "मला पैसे देता? माझ्या भाचीच्या चौकशीला आलोय मी, आणि मला पैसे देता?"

"भाची?" साहेब म्हणाले.

"भाची?" गुंडा म्हणाला.

मी वाकून त्यांच्या डायरीत बघायला लागलो.

"मी दीपालीचा मामा! बाबगोंडा चौगुले! निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी!"

म्हणजे शाळा तपासत फिरणारे साहेब! आणि आमच्या आईला सांगायला सुचलं काय, तर द्राक्षबाग!

"पण मामा, तुम्ही तर सोमवारी..."

"सांगून तपासणी करतात होय? तीस वर्षांत मी एकाही शाळेत सांगून गेलो नाही!"

"मामा, मी ओढत नाही हो! देवाशप्पथ! मी तुम्हाला पथकाचे साहेब समजलो!"

"म्हणजे सरकारी माणसाशी खोटं बोलत होतात?" मामांनी डायरीत तेही लिहून घेतलं. "दीपालीला मी काय सांगू? पोरगी परवापासून तुमचं नाव काढून हसतेय घरात."

परवापासून हसतेय! आणि मी इथं उभा राहून तिचं हसू घालवलं! माझा चेहरा बघून साहेबांनाही राहवेना. शेवटी माणूस चांगला आहे हो.

"पावनं, खरं सांगतो! त्यो बिडीला शिवत न्हाई! वढतो म्या!"

"तुम्ही साहेब आहात. हाताखालच्या माणसाला पाठीशी घालताय."

"थांबा, दावतोच तुमास्नी!" असं म्हणून साहेबांनी टोपीच्या घडीतून बिडी काढली, पेटवली आणि दोन दिवसांचा उपास एका झुरक्यात सोडला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. ते बघून गुंडा म्हणाला, "म्याबी वढतो की पावनं!" आणि त्यानंही सिगारेट शिलगावली. मागून सुलाबाईंचा तवा चालूच होता. खोलीत मोर दिसेनासा झाला!

"बंद करा हे!" मामा खोकत खोकत पुढं आले आणि साहेबांच्या बोटांतली जळती बिडी त्यांनी दोन बोटांत हिसकावून घेतली. वर धरून ते गरजले, "लाज नाही वाटत? ऑफिस आहे का काय आहे हे?"

"कुणी हलू नका!"

दारात एक मॅडम उभ्या होत्या. त्यांच्यामागं दोन माणसं, एकजण मोबाइलवर फोटो काढत होता. खरं पथक!

मी शपथेवर सांगतो, गुंडाची सिगारेट कुठं गेली ते मला दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती चहाच्या किटलीत सापडली. साहेबांनी रिकामे हात जोडून नमस्कार केला. खोलीत जळती बिडी एकाच माणसाच्या हातात होती, आणि तो हात वर होता!

"ही माझी नाही!" मामा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, काका."

"अहो, मी जन्मात ओढलेली नाही!"

मॅडमनी जरा पुढं वाकून हुंगलं. "तुमच्या शर्टाला वास येतोय."

"तो यांच्या धुराचा! न ओढणाऱ्याच्या कपड्यांनाही लागतो हो वास! मी काही केलेलं नाही, मी नुसता वीस मिनिटं इथं उभा आहे, आणि तुम्ही..."

बोलता बोलता मामा थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी नऊ वर्षं उभा आहे, मामा," मी म्हणालो.

मॅडमनी पावतीपुस्तक काढलं. "नाव सांगा, काका."

मामांचा चेहरा पांढरा पडला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लिहून घेतलेला माणूस, आणि आज त्याचं नाव बिडीच्या पावतीवर! मला वाटलं, आपलं लग्न तर मोडलंच आहे, या म्हाताऱ्या माणसाची अब्रू तरी कशाला जाऊ द्यायची?

"मॅडम, बिडी माझी. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. माझं नाव लिहा. वर्धमान मगदूम."

मॅडमनी लिहायला सुरुवात केली, थांबल्या, आणि फायलीतला कागद वर काढला. "वर्धमान मगदूम? तक्रारदाराचं नावही हेच आहे की!"

"मॅडम, ते गुप्त ठेवायचं होतं!" मी ओरडलो.

"दुसऱ्याला सांगत नाहीच आम्ही. पण तुमचं नाव तुम्हालाच कसं गुप्त ठेवणार?" त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "स्वतः ओढायची आणि स्वतःविरुद्ध तक्रार करायची! असा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

साहेबांचा जबडा खाली आला. "म्हंजे पथक तू बलिवलंस?" पुढचं काहीतरी जोरकस त्यांच्या ओठावर आलं होतं, पण माझ्या नावाची पावती फाटताना दिसली आणि त्यांनी ते गिळलं. दोनशेची नोट मात्र जमिनीवरून उचलून त्यांनीच भरली. शब्दाचा पक्का माणूस!

मॅडमनी तिथल्या तिथं खिडकीपुढचं कपाट हलवायला लावलं. नऊ वर्षांनी खिडकी उघडली. पुन्हा आत कुणी ओढताना दिसलं तर सोडणार नाही, अशी तंबी देऊन पथक गेलं. मामाही गेले. त्यांची गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली, आणि मला वाटलं, झालं, आपलं संपलं.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. 'तीच आणून देते' इथपर्यंत मी आलो तेव्हा तिनं लाटणं हातात उभं धरलं! नशीब, माझे डोळे तिला दिसले, म्हणून तिनं ते खाली ठेवलं. मी रडत होतो. हसू नका, खरंच रडत होतो. मुलगी आपल्याला 'आवडलात' म्हणते आणि ती आपल्याच तोंडानं घालवायची, यापेक्षा मूर्खपणा काय असतो?

शनिवारी सकाळी फोन वाजला.

"जय जिनेंद्र, जावईबापू!"

मी फोन कानापासून लांब धरून नंबर बघितला. "मामा, कुणाला लावायचा होता?"

"तुम्हालाच! ती कालची पावती आहे ना जवळ? ती घेऊन ताबडतोब मिरजेला या! काल घरी आल्यापासून हिनं मला बाहेर सोप्यात बसवलंय. तीनदा आंघोळ केली, तरी वास येतो म्हणते! तीस वर्षं मला फसवून ओढत होतात म्हणते! पावतीवर नाव तुमचं आहे, ते हिला दाखवा, म्हणजे मला घरात घेईल!"

तासाभरात मी मिरजेत. मामा सोप्यात चटईवर बसलेले, शेजारी तांब्या-भांडं, अंगावर मुलाचा शर्ट. मामी दारात उभ्या. त्यांनी पावती दोनदा वाचली.

"म्हणजे ओढणारा हा मुलगा?"

"नाही मामी, मी पण ओढत नाही."

"मग पावती तुमच्या नावावर कशी?"

"मामांना वाचवायला मीच..."

"म्हणजे ओढणारे हेच!" मामी मामांवर उलटल्या. मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात आतून दीपाली आली. मामांवरचा आरोप ऐकून ती सकाळीच तिथं आली होती. "मामी, दोघंही खरं बोलताहेत," ती म्हणाली. "माझ्याकडं रोज अशी माणसं येतात. कुणाचा नवरा ओढतो, कुणाच्या शेजारच्या टेबलावरचा ओढतो, आणि खोकून बेजार होतात हे. मी ओढत नाही म्हणून सांगतात, तर कुणाला खरं वाटत नाही. मला वाटतं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "बायको सोडीन पण बिडी सोडणार नाही, असं म्हणालात म्हणे?"

"म्हणालो," मी मान खाली घालून सांगितलं.

"बिडी तर तुम्ही कधी धरलीच नाही. आता बायको तेवढी सोडू नका, म्हणजे झालं."

आणि मामी आत गेल्या त्या पोहे घेऊन बाहेर आल्या. मी दोन बशा खाल्ल्या!

लग्न दोन महिन्यांत झालं. आईनं दीपालीला एकट्यात गाठून, मी त्याला कधीही काहीही आणून दिलेलं नाही, हे चारदा सांगितलं. ऑफिसातली खिडकी आता उघडी असते, आत कुणी ओढत नाही, मॅडमची दहशतच तशी आहे. गुंडा ओढायला पानपट्टीवर जातो. सुलाबाई मिश्री घरी भाजतात.

राहिले साहेब. पहिल्या दिवशी ते बाहेर लिंबाखाली बिडी ओढायला गेले, आणि तीन बिड्या होईपर्यंत सात शेतकऱ्यांना तोड देऊन बसले! टोळ्या आमच्याकडं दोनच. दुसऱ्या दिवशी मला हाक आली.

"वर्धमान, तू माझ्याशेजारी हुबा ऱ्हा. शेतकऱ्यास्नी तू बोल. त्येंचं हुतंय तवर मी वढतो."

पथक बोलावल्याचं ते अजून विसरलेले नाहीत, त्यामुळं नाही म्हणता येत नाही. मी उभा राहतो. लिंबाखाली वारं असतं, पण ते नेमकं साहेबांकडून माझ्याकडं वाहतं. एक शेतकरी, एक बिडी, असा हिशेब पडतो. घरी दीपाली मला उंबऱ्यावरच थांबवते. परवा तिनं माझा शर्ट हुंगला आणि विचारलं, "आज किती शेतकरी आले होते?"

"सात," मी म्हणालो.

तिनं पुन्हा एकदा हुंगलं.

"खोटं बोलू नका. बारा!"